सासवण्याच्या मूर्तिकाराचे घर

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की तो बोनस, महागाई आणि किमान वेतन यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आणि त्यात आपले काही चुकत नाही. गेली तीसएक वर्षे मी तेच बोलत आलो आहे. आज मात्र मी आपल्याला एका मूर्तिकाराच्या घरी नेणार आहे. आपल्या खारीहून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परत यावे इतके हे घर जवळ आहे, आणि तरीही आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलेले नसेल. अलिबागला आपण जातो, किहीमच्या वाळूत बसतो, ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जातो. पण वाटेवरचे सासवणे गाडीच्या खिडकीतून तसेच मागे पडते.

आमच्या युनियनने तेथे सहल काढायचे ठरवले तेव्हा मंडळींनी नाके मुरडली. "भाऊ, पुतळे काय बघायचे? चौकाचौकात उभे आहेत," असे एकाने स्पष्टच सांगितले. दुसऱ्याचा आग्रह पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागेसाठी होता. शेवटी बोटीच्या आमिषाने सगळे तयार झाले. भाईंदरहून चर्चगेटची गाडी, तेथून गेटवे, गेटवेहून मांडव्याची लाँच आणि मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याने सासवणे, असा हा मार्ग आहे. पाण्यावर सुमारे तासभर जातो. थंडीच्या दिवसांत लाँचमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात. आठवडाभर यंत्रापुढे वाकून उभी राहणारी माणसे त्या तासाभरात लहान मुलांसारखी झालेली मी पाहिली. असो.

विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांना सारे नानासाहेब म्हणत, यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी याच सासवण्यात झाला. त्यांची गोष्ट एका भिंतीपासून सुरू होते. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. परक्या सरकारचा जिल्हाधिकारी, आणि चित्र शिवाजीचे! दुसरा एखादा असता तर त्याने भिंतीला चुना फासायचा हुकूम सोडला असता. या गृहस्थांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. रॉथफील्ड कलेचे जाणकार होते; हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले, त्याची चित्रे आपल्या धुरंधरांनी काढलेली आहेत. साम्राज्याचा हिशेब मी येथे मांडत बसत नाही. तो निराळा आहे आणि मोठा आहे. पण एका माणसाची नजर एका भिंतीवर पडली, एवढ्यावर एका आयुष्याची दिशा ठरली, हे खरे. अशा न पाहिल्या गेलेल्या भिंती किती असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जे. जे. मधून बाहेर पडल्यावर करमरकरांना रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांनी कलकत्त्याला नेले. तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. १९२० मध्ये ते विलायतेस गेले, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले आणि परत येऊन मुंबईत काम करू लागले. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जून १९६७ रोजी ते वारले. राजेरजवाडे, पुढारी, शेटसावकार यांचे पुतळे त्यांनी पोटासाठी केले, आणि ते उत्तम केले. परंतु त्यांचे मन कशात होते हे पाहायचे असेल तर सासवण्यालाच गेले पाहिजे.

तेथे बागेत आणि घरात मिळून दीडशेहून अधिक शिल्पे आहेत. थोर पुरुष आहेत, तसे गावातले लोकही आहेत. मत्स्यगंधा आहे, शंख फुंकणारा पुरुष आहे, नमस्कार करून आपले स्वागत करणारी स्त्री आहे. आणि म्हैस आहे. सासवण्याची ही म्हैस हिऱ्यामाणकांच्या मूर्तीहूनही मला मोलाची वाटते. म्हशीला कोण पुतळा करतो? घोड्याचा होतो, कारण त्याच्यावर राजा बसतो. हत्तीचा होतो, सिंहाचा होतो. म्हैस दूध देते, चिखलात बसते आणि तिच्या वाट्याला आपल्या भाषेत फक्त म्हणी येतात. करमरकरांनी तिचे भारी अंग, तिची ढिली कातडी, तिचा तो जगाविषयी काहीच मत नसल्यासारखा चेहरा असा उभा केला आहे की पोरे जवळ जाताना क्षणभर थबकतात. आमच्याबरोबर एक आगरी म्हातारी होती. ती म्हशीभोवती सावकाश एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "भरल्या वेताची हाय." मूर्तिकाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळाले असेल असे मला वाटत नाही.

आता थोडे खोलात जाऊ, कारण पुतळा कसा होतो हे ठाऊक नसेल तर पुतळा निम्मा दिसतो.

"टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही" ही म्हण आपण सगळे वापरतो, आणि तिच्यामुळे आपला समज असा झाला आहे की मूर्तिकार म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन दगड फोडणारा. दगडाच्या मूर्तीत ते खरे आहे. नको ते काढून टाकीत जायचे, आणि एकदा काढलेला कपचा परत बसत नाही. करमरकरांसारख्यांचे बरेचसे काम मात्र उलट दिशेने चालते. ते मातीचे काम आहे; लावीत जायचे, दाबीत जायचे, नको वाटले तर ओरबाडून पुन्हा लावायचे. आपल्याच रायगड जिल्ह्यातले पेणचे गणपती आपण जाणता. शाडूच्या गोळ्याला अंगठ्याने दाबून कारागीर गणपतीचा गाल फुगवतो, तीच ही विद्या. फक्त येथे माणसाएवढी, घोड्याएवढी.

मोठा पुतळा असेल तर आधी आत लोखंडी सळ्यांचा आणि तारांचा सांगाडा उभा करतात. नाही तर मणभर ओली माती आपल्याच ओझ्याने खाली बसेल. या सांगाड्यावर माती चढते. काम महिना-दोन महिने चालते, आणि तोवर माती ओली राहिली पाहिजे. म्हणून रोज संध्याकाळी पुतळ्याला ओली फडकी गुंडाळून ठेवतात, आजाऱ्याला गुंडाळावे तशी. एखाद्या दिवशी फडके ओले करायचे राहिले तर सकाळी नाकाला चीर. फडकी ओली करणारा हा बहुधा कार्यशाळेतला सर्वांत लहान पगाराचा पोरगा असतो. त्याची आठवण राहू द्या.

मातीचा पुतळा पुरा झाला तरी तो टिकाऊ नसतो. वाळला की तडकतो. तेव्हा त्यावर प्लास्टरचा साचा घ्यावा लागतो. यातली एक युक्ती मला फार आवडते. पहिल्या पातळ थरात कपड्यांना घालतात ती नीळ मिसळतात, आणि वरचा जाड थर पांढरा देतात. साचा सुकला की तो उघडून आतली माती काढून टाकायची. म्हणजे ज्या मातीवर दोन महिने घालवले ती गेली, परत गोळा झाली. मग त्या पोकळ साच्यात नवे प्लास्टर भरायचे, आणि ते घट्ट झाले की बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. पांढरा थर बेधडक फोडता येतो. निळा दिसला की हात आवरायचा, कारण त्याच्या खाली पुतळ्याची त्वचा आहे. मूळ मातीही नाहीशी झाली, साचाही फुटला. आता जे उभे आहे ते प्लास्टरचे. ब्राँझचा पुतळा हवा असेल तर येथून पुढे काम मूर्तिकाराच्या हातून निघून ओतकाऱ्यांच्या हाती जाते.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि त्यात थोडे कथील. हजार अंशांच्या पुढे तापवलेला तो रस साच्यात ओततात. पुतळा आतून भरीव नसतो. बाहेरचा साचा आणि आतला गाभा यांच्यामधल्या बोट-दोन बोटे फटीत रस पसरतो. रस आत जायला वाटा ठेवाव्या लागतात, आणि आतली हवा बाहेर पडायलाही वाटा ठेवाव्या लागतात. हवा अडकली तर त्या जागी भोक. रस मध्येच थिजला तर सांधा. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होऊन उकळता धातू उसळतो आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर येतो. ओतकामाच्या कारखान्यात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते सांगायला नको. म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात.

आता पुण्याला जाऊ. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात जो अश्वारूढ शिवाजी आहे, तो करमरकरांचा. या स्मारकाची कोनशिला कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. १९२२ मध्ये महाराज वारले. काम रेंगाळले आणि अखेर करमरकरांकडे आले. कित्येक टन वजनाचा हा घोडा आणि त्यावरचा स्वार मुंबईला माझगावच्या गोदीत ओतला गेला, आणि तो तुकडे न पाडता एकसंध ओतला गेला, ही त्याची कीर्ती. मघाशी सांगितलेली सगळी संकटे आठवा आणि ती एवढ्या मोठ्या आकाराला लावून पाहा. रस एकदा सुटला की मागे घेता येत नाही. घोड्याच्या खुरापासून महाराजांच्या जिरेटोपापर्यंत तो थिजायच्या आत पोहोचला पाहिजे. जून १९२८ मध्ये या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्या जून महिन्यात मुंबईत आणखी काय चालले होते? गिरण्यांचे भोंगे बंद होते. १९२८ चा गिरणी कामगारांचा तो मोठा संप एप्रिलमध्ये सुरू झाला होता आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणी कामगार युनियन त्याच मे महिन्यात जन्माला आली. म्हणजे एका बाजूला परळ-लालबागच्या चाळींत चुली थंड आहेत, आणि तेथून हाकेच्या अंतरावर तयार झालेला घोडा पुण्यात लोकांच्या जयघोषात उभा राहतो आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. एका शहराच्या एका उन्हाळ्यात दोन्ही मावल्या, एवढेच.

सासवण्याला आमच्या सहलीत एक बफिंगवाला होता. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची जी भांडी निघतात, त्यांना आरशासारखी चकाकी देणारे हे लोक. दिवसभर पट्ट्यापुढे उभे राहून संध्याकाळी यांच्या डोळ्यांखेरीज बाकी सगळे काळे झालेले असते. हा गृहस्थ एका अर्धपुतळ्यापुढे हात पाठीमागे बांधून बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "भाऊ, ह्याला बफ मारलेला नाय. बोटं तशीच ठेवलीत." मी वाकून पाहिले. गालावर, कपाळावर मातीच्या कामातल्या अंगठ्याच्या दाबाच्या खुणा खरोखरच दिसत होत्या. मूर्तिकाराला चकाकी नको होती. हात फिरल्याची खूण हवी होती. वीस वर्षे दुसऱ्याच्या भांड्यावरची हाताची खूण पुसण्याचा पगार घेणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आले, आणि इतर कोणाच्या आले नाही.

पुढचा प्रश्नही त्याचाच. मी पुण्याच्या पुतळ्याची हकीगत सांगत होतो, तेव्हा त्याने विचारले, "बनवणारे करमरकर. पण ओतणारे कोण?"

श्रोतेहो, हा प्रश्न साधा नाही. महाराजांचे नाव सर्वांना ठाऊक असते. अनावरण करणाराचे नाव पाटीवर कोरलेले असते, बहुधा सर्वांत ठळक. मूर्तिकाराचे नाव शोधून सापडते. ज्यांनी भट्टीचा रंग पाहून "आता" म्हटले, ज्यांच्या एका चुकीने सारे काम मातीत गेले असते, त्यांची नावे कोणाच्या तोंडी नसतात. फ्रान्समध्ये रोदँ नावाचा जगद्विख्यात मूर्तिकार होऊन गेला. त्याच्या अनेक ब्राँझ पुतळ्यांवर त्याच्या सहीखेरीज आणखी एक नाव उमटवलेले आढळते : अलेक्सी रुदिये, ओतकारी, पॅरिस. तो त्या ओतशाळेचा शिक्का. तेथेही मालकाचेच नाव आले, हाताखालच्या माणसांचे नाही, हे मी जाणून आहे. तरी पण ओतकाम हे काम आहे आणि त्याला कर्ता आहे, एवढे तरी त्या धातूने मान्य केले.

नावाचा हा सोस म्हणजे मोठेपणाची हौस, असे कोणी म्हणेल. मी ज्यांच्यात वावरतो त्यांच्या लेखी नाव म्हणजे भाकरी आहे. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग काम केलेल्या कामगाराला ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. पण सलग काम केले हे दाखवायचे कशाने? हजेरीपटाने. येथल्याच एका गाळ्यात, त्याचे नाव मी घेत नाही, सतरा वर्षे काम केलेला माणूस आजारपणाने घरी बसला, तेव्हा त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. त्याने घासलेली भांडी कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात आजही चमकत असतील. ती त्याची साक्ष देऊ शकत नाहीत. आमच्या बफिंगवाल्याला पुतळ्यापुढे ओतकारी का आठवला, हे आता आपल्याला कळेल. त्याचे स्वतःचे नाव हजेरीपटावर चढून त्या वेळी अवघे दीड वर्ष झाले होते, आणि तेही दोन संपांनंतर.

पुन्हा सासवण्याच्या बागेत येऊ. करमरकरांचे मला सर्वांत जवळचे वाटणारे धाडस म्हणजे त्यांनी सिमेंटमध्ये मूर्ती केल्या. संगमरवर श्रीमंताचा, ब्राँझ सरकारचे किंवा संस्थानिकाचे. सिमेंट गवंड्याचे. साच्यात सळ्या घालून सिमेंटचा गिलावा दाबून भरायचा, काही दिवस त्याला पाणी पाजत राहायचे आणि मग साचा काढायचा. बागेत ऊन-पावसात उभे राहील असे शिल्प त्यातून थोड्या खर्चात होते, आणि त्याचा करडा खरखरीत पृष्ठभाग कष्टकरी माणसाच्या अंगाला शोभतोही. चुनखडीच्या पांढऱ्याशुभ्र दगडात कोळीण कशी दिसली असती याची कल्पना करून पाहा.

पण सिमेंटला एक शत्रू आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. आपण खारीची माणसे. गावाच्या नावातच खार आहे, आणि मिठागरे आपल्या बापजाद्यांनी पाहिली आहेत. खारा वारा लोखंड कसे खातो हे आपल्या खिडक्यांच्या गजांना विचारावे. सिमेंटमध्ये बारीक चीर पडली की ओल आणि मीठ आतल्या सळीपर्यंत जाते. सळी गंजते, आणि गंजलेले लोखंड फुगते. फुगले की वरचे सिमेंट आतून ढकलून फोडते. आपल्या जुन्या इमारतींच्या सज्जांचे जे होते तेच मूर्तीचे होते, फक्त सज्जाला नवा गिलावा चालतो आणि मूर्तीच्या नाकाला चालत नाही. समुद्रकाठच्या उघड्या बागेत दर पावसाळ्यानंतर शेवाळ काढणे, चिरा वेळेवर भरणे, झाडांच्या मुळ्यांवर लक्ष ठेवणे हे न संपणारे काम आहे. नानासाहेबांच्या पश्चात घरच्या माणसांनी हे घर आणि बाग जपली, लोकांना उघडी ठेवली.

चित्रकार-मूर्तिकारांची घरे पाहायला जाण्याची चाल युरोपात चांगली रुळलेली आहे. फ्रान्समध्ये झिवेर्नी म्हणून एक खेडे आहे. तेथे क्लोद मोने हा चित्रकार १८८३ पासून १९२६ मध्ये मरेपर्यंत राहिला. स्वतः बाग लावली, तळे खोदवले, तळ्यात कमळे सोडली आणि मग आयुष्यभर तीच कमळे रंगवली. १९८० पासून ते घर आणि बाग लोकांना खुली आहे. जगभरचे लोक तेथे रांगा लावतात. त्या बागेला मोनेच्या हयातीत सहा माळी होते. एकाकडे तळ्याचे काम असे. तो होडीतून फिरून पाने साफ करी, म्हणजे धन्याला रंगवण्याजोगे तळे मिळे. जगातल्या मोठमोठ्या चित्रसंग्रहालयांत ती कमळे आज भिंतीवर आहेत. त्यांच्या तेवढ्या स्वच्छतेत त्या माळ्याचा हात आहे, आणि चित्राखालच्या पाटीवर जागा थोडी असते, हे मान्य करूनही मला त्याची आठवण येते.

सासवण्याला रांगा नाहीत. निवांतपणे पाहता येते, हा आपला फायदा. जाल तेव्हा घाई करू नका. म्हशीपाशी मुलांना सोडा आणि त्यांना नुसते पाहू द्या, मग विचारा की तिचा कान कोणीकडे वळला आहे. बोटांच्या खुणा कोठे ठेवल्या आहेत आणि कोठे पुसल्या आहेत ते शोधा. कोणते शिल्प मातीतून प्लास्टरमध्ये आले, कोणते सिमेंटमध्ये, हे ओळखायचा प्रयत्न करा. आता आपल्याला ते जमेल. हात मात्र लावू नका, आमच्या बफिंगवाल्यासारखे पाठीमागे बांधून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरावा; सकाळची पहिली लाँच मिळाली तर ऊन चढायच्या आत सासवण्याला पोहोचता येते, आणि मांडव्याहून परतीची शेवटची लाँच कधी सुटते हे धक्क्यावर उतरल्याबरोबर विचारून ठेवावे.